आयोवा बार्नस्टॉर्मर्स: किराणा दुकानातल्या कामगाराला सुपर बोलपर्यंत नेणारा इनडोअर फुटबॉल संघ स्वतःच्या शहरातून का गेला आणि परत कसा आला?

३० जानेवारी २०००. अमेरिकेतलं अटलांटा शहर. सुपर बोलची फायनल नुकतीच संपली होती. सेंट लुइस रॅम्सनं टेनेसी टायटन्सला २३-१६ असं हरवलं होतं. सामन्याचा मानकरी ठरला रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. त्यानं त्या दिवशी ४१४ यार्ड पास फेकले आणि सुपर बोलचा तोवरचा विक्रम मोडला.

हाच वॉर्नर १९९४ मध्ये आयोवा राज्यातल्या एका किराणा सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर सामान लावत होता. पगार तासाला साडेपाच डॉलर.

किराणा दुकान ते सुपर बोल या प्रवासात मधला थांबा एकच महत्त्वाचा होता: आयोवा बार्नस्टॉर्मर्स. डे मॉइन शहरातला हा व्यावसायिक इनडोअर फुटबॉल संघ. वॉर्नरच्या यशानंतर या संघाचं नाव अमेरिकाभर झालं. पण गंमत बघा, ज्या वर्षी वॉर्नरनं सुपर बोलची ट्रॉफी उचलली, त्याच वर्षी हा संघ डे मॉइनमधला शेवटचा हंगाम खेळला आणि न्यूयॉर्कला विकला गेला.

मग आज बार्नस्टॉर्मर्स नावाचा संघ डे मॉइनमध्ये खेळतोय तो कोणता? त्यासाठी गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

आधी एक घोळ मिटवू: हा फुटबॉल कोणता?

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी, रोनाल्डो, आयएसएल. इथं मात्र विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पास करायचा आणि समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचायचं. पोहोचलात की टचडाउन, म्हणजे ६ गुण. १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. त्यात जमलं तर पुन्हा चार संधी, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे.

क्वार्टरबॅक म्हणजे या सगळ्याचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाला द्यायचा हे तो ठरवतो.

मोठं मैदान १०० यार्ड लांब असतं. इनडोअर प्रकारात ते थेट निम्मं होतं, ५० यार्ड. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की त्याहून थोडंसंच जास्त. रुंदीही जवळपास निम्मी, ८५ फूट. दोन्ही टोकांचे पट्टे प्रत्येकी ८ यार्डांचे. हे सगळं मिळून बरोबर आइस हॉकीच्या रिंगणात बसतं आणि ते मुद्दामच तसं आखलेलं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत हॉकीची बंदिस्त सभागृहं आहेत आणि उन्हाळ्यात ती रिकामी असतात.

पाकिटावर काढलेलं मैदान

या खेळाची कल्पना जिम फॉस्टर नावाच्या माणसाची. तो तेव्हा एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगच्या मार्केटिंग विभागात काम करायचा. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघायला गेला होता. सॉकर छताखाली खेळता येतो, तर अमेरिकन फुटबॉल का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं हातातल्या पाकिटावरच मैदानाचा आराखडा काढला.

पुढची काही वर्षं तो दुसऱ्या एका लीगमध्ये नोकरी करत राहिला. ती लीग बंद पडली आणि पाकिटावरची कल्पना पुन्हा बाहेर आली. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला चाचणी सामना झाला. १९८७ मध्ये शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन असे चार संघ घेऊन अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. हीच एएफएल.

नियमांत काही भन्नाट बदल होते:

- एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू.
- सीमारेषेच्या जागी पॅड लावलेली भिंत. खेळाडू थेट भिंतीवर आदळतात आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीवर येऊन पडणंही नवं नाही.
- गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणून बांधलेल्या उंच जाळ्या. चेंडू जाळीवर आपटून परत आला तरी खेळ चालूच.
- चेंडू लाथेनं दूर उडवून देण्याची, म्हणजे पंटची, परवानगीच नाही. त्यामुळे चौथ्या संधीलाही एक तर पुढे जायचं किंवा गोलपोस्टवर किक मारायची.
- बहुतेक खेळाडूंनी आक्रमण आणि बचाव दोन्ही करायचं.

परिणाम काय? धावफलक पळत सुटतो. मोठ्या मैदानावर २० ते ३० गुण हा चांगला स्कोअर. इथं दोन्ही संघ ५० पार करतात आणि कुणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

फॉस्टरनं या खेळाचं पेटंटही घेतलं. ते १९९० मध्ये मंजूर झालं. म्हणजे जाळीवाला हा खेळ दुसऱ्या कुणाला परवानगीशिवाय खेळवता येणार नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

बार्नस्टॉर्मर म्हणजे कोण?

फॉस्टरनं लीगचं प्रमुखपद सोडल्यावर स्वतःचा संघ काढायचं ठरवलं. जागा निवडली डे मॉइन, आयोवा राज्याची राजधानी. शहराची लोकसंख्या साधारण दोन लाख. मक्याच्या शेतांनी वेढलेलं, विमा कंपन्यांसाठी ओळखलं जाणारं. विद्यापीठांच्या फुटबॉलचं इथल्या लोकांना प्रचंड वेड, पण संपूर्ण आयोवा राज्यात एनएफएल, बेसबॉल, बास्केटबॉल किंवा हॉकीच्या सर्वोच्च लीगचा एकही संघ नाही. म्हणजे उन्हाळ्यातल्या व्यावसायिक फुटबॉलला इथं फारशी स्पर्धाच नव्हती.

नावही विचार करून ठेवलं. पहिल्या महायुद्धानंतर, विशेषतः १९२० च्या दशकात, अमेरिकेत काही वैमानिक छोटी विमानं घेऊन गावोगाव फिरायचे. शेतात विमान उतरवायचं, हवेत कोलांट्या मारून दाखवायच्या, पैसे घेऊन लोकांना फेरी मारून आणायची आणि पुढच्या गावाला जायचं. त्यांना बार्नस्टॉर्मर म्हणायचे. संघाचं हेल्मेट जुन्या वैमानिकांच्या चामडी टोपीसारखं रंगवलं होतं, कपाळावर गॉगलसुद्धा.

सामने व्हायचे व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये. १९५५ मध्ये उघडलेल्या या सभागृहाला गावकरी प्रेमानं 'द बार्न', म्हणजे धान्याचं कोठार, म्हणायचे. प्रशिक्षक म्हणून जॉन ग्रेगरी आले. त्यांच्या संघानं १९८९ मध्ये कॅनडाच्या फुटबॉलमधला सर्वांत मोठा किताब, ग्रे कप, जिंकला होता. १९९५ मध्ये संघ पहिल्यांदा मैदानात उतरला.

दुकानातला मुलगा

कर्ट वॉर्नर आयोवाचाच. जन्म बर्लिंग्टनचा, वाढला सीडर रॅपिड्समध्ये. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात पहिली अनेक वर्षं राखीव खेळाडू म्हणून बसून काढली, शेवटच्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक झाला. १९९४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नाही. ग्रीन बे पॅकर्सनं सराव शिबिराला बोलावलं. तिथं ब्रेट फाव्हरसारखा क्वार्टरबॅक आधीच होता. हंगाम सुरू होण्याआधीच वॉर्नरला घरी पाठवलं गेलं.

मग सीडर फॉल्सच्या हाय-व्ही सुपरमार्केटमधली ती रात्रपाळी सुरू झाली. तिथून त्याला बार्नस्टॉर्मर्सनं उचललं.

इनडोअर फुटबॉलला तेव्हा बरेच लोक सर्कस म्हणून हसायचे. पण क्वार्टरबॅकसाठी ही शाळा कडक होती. मैदान छोटं, बचाव करणारे अंगावर, आणि मोकळा खेळाडू दिसला तर तो क्षणभरच मोकळा. चेंडू हातात आला की लगेच वाचायचं, लगेच फेकायचं. शिवाय पंट नसल्यामुळे प्रत्येक वेळी गुण मिळवायचाच दबाव. तीन हंगामांत वॉर्नरनं १८३ टचडाउन पास दिले आणि १० हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. १९९६ आणि १९९७ अशी दोन्ही वर्षं लीगच्या सर्वोत्तम संघात तो पहिली पसंती होता.

सलग दोन फायनल, सलग दोन पराभव

१९९६ मध्ये बार्नस्टॉर्मर्सनं साखळीत १४ पैकी १२ सामने जिंकले आणि अंतिम सामना, म्हणजे अरीना बोल, घरच्याच मैदानावर खेळायला मिळाला. 'द बार्न' खचाखच भरलं होतं. समोर होता टँपा बे स्टॉर्म. निकाल ४२-३८, स्टॉर्मच्या बाजूनं. एक टचडाउन कमी पडला.

१९९७ मध्ये पुन्हा फायनल. या वेळी फिनिक्समध्ये, अ‍ॅरिझोना रॅटलर्सच्या घरी. तिथं ५५-३३ असा सरळ पराभव झाला.

वॉर्नरच्या काळात डे मॉइनला किताब मिळाला नाही. पुढे जगातले सगळे पुरस्कार मिळवलेल्या या खेळाडूला अरीना बोल मात्र कधीच जिंकता आला नाही.

त्याच वर्षी शिकागो बेअर्सकडे त्याची चाचणी ठरली होती. पण हनिमूनला गेला असताना फेकीच्या हाताच्या कोपराला विषारी कोळी चावला आणि ती संधी गेली. नंतर सेंट लुइस रॅम्सनं करार केला आणि आधी अ‍ॅमस्टरडॅमला, एनएफएल युरोपमध्ये पाठवलं. १९९९ च्या ऑगस्टमध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन सराव सामन्यात जखमी झाला आणि वॉर्नरला जागा मिळाली. आदल्या वर्षी १६ पैकी फक्त ४ सामने जिंकलेल्या रॅम्सनं त्या हंगामात १३ जिंकले. वॉर्नरचे टचडाउन पास ४१. तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतरचा सुपर बोल आपण सुरुवातीलाच पाहिला.

संघ विकला का गेला?

वॉर्नरमुळे अरीना फुटबॉलकडे बघण्याची नजर बदलली. सर्कस म्हणणारेही आता इथून खेळाडू मिळतात का ते बघू लागले. पण त्या यशाचा फायदा डे मॉइनला झाला नाही.

कारण लीगचं लक्ष आता मोठ्या शहरांकडे होतं. १९९९ मध्ये एनएफएलच्या मालकांनी एएफएलमध्ये हिस्सा घेण्याचा पर्याय मिळवला होता. टीव्हीचे मोठे करार हवे असतील तर मोठ्या बाजारपेठेतले संघ हवेत, हे साधं गणित. छोट्या शहरांसाठी २००० मध्ये एएफ-टू नावाची दुय्यम लीग वेगळी काढली गेली.

या गणितात दोन लाखांचं डे मॉइन बसत नव्हतं. संघ मैदानावर वाईट खेळत होता असंही नाही. १९९८ चा हंगाम फसला, पण १९९९ मध्ये त्यांनी पुन्हा १४ पैकी ११ सामने जिंकले होते. तरीही २००० च्या हंगामानंतर फ्रँचायझी विकली गेली, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला गेली आणि नाव झालं न्यूयॉर्क ड्रॅगन्स.

हे समजायला अमेरिकन खेळांमधली एक गोष्ट माहिती हवी. तिथं संघ म्हणजे लीगनं दिलेला परवाना असतो. मालकाला वाटलं आणि लीगनं होकार दिला की तो परवाना, खेळाडूंच्या करारांसकट, दुसऱ्या शहरात हलवता येतो. प्रेक्षकांकडे उरतात जुनी तिकिटं आणि टी-शर्ट. बार्नस्टॉर्मर्सना १९९६ च्या फायनलमध्ये हरवणारा टँपा बेचा संघही मुळात पिट्सबर्गचा होता, १९९१ मध्ये तो फ्लोरिडाला हलला होता. जे पिट्सबर्गच्या चाहत्यांनी भोगलं तेच आता डे मॉइनच्या वाट्याला आलं.

नाव परत आलं

२००१ मध्ये बार्नस्टॉर्मर्स नावाचा एक संघ दुय्यम लीगमध्ये उतरवून बघितला गेला. तो एकाच हंगामात थांबला. मग काही वर्षं काहीच नाही.

दरम्यान २००५ मध्ये शहरात वेल्स फार्गो अरीना हे नवं सभागृह उभं राहिलं आणि २००८ मध्ये त्यात बार्नस्टॉर्मर्स परतले, सुरुवातीला एएफ-टूमध्येच. कागदोपत्री हा नवा संघ होता. जुन्या फ्रँचायझीची वंशावळ ड्रॅगन्सकडे गेली होती. पण शहर तेच, नाव तेच आणि गॉगलवाला वैमानिकही तोच.

आणि नशिबानं इथं एक वेगळंच वळण घेतलं. मोठ्या शहरांच्या मागे लागलेल्या एएफएलचा खर्च हाताबाहेर गेला. २००९ चा हंगाम रद्द झाला, लीग दिवाळखोरीत निघाली. न्यूयॉर्क ड्रॅगन्स कायमचे बंद पडले. ज्या मोठ्या बाजारपेठेसाठी डे मॉइनचा संघ नेला होता, तिथं तो ८ हंगामांत संपला. २०१० मध्ये एएफएल पुन्हा उभी राहिली ती दुय्यम लीगमधल्या बऱ्याच संघांना सोबत घेऊन. त्यात आयोवा बार्नस्टॉर्मर्स होते. दहा वर्षांनी ते पुन्हा त्याच लीगमध्ये आले.

एक निर्णय, ज्यानं संघ वाचला

ही घरवापसी पाच हंगाम टिकली. २०१४ नंतर बार्नस्टॉर्मर्सनं एएफएल सोडली आणि इनडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये प्रवेश केला.

वरवर बघता ही पायउतार वाटली. एएफएलचं नाव मोठं, इतिहास मोठा. पण आयएफएलमध्ये तेव्हा सू फॉल्स, सीडर रॅपिड्स, ग्रीन बे, नेब्रास्का असे आसपासचे संघ होते. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानानं जाण्याऐवजी बसनं गाठता येतील अशी अंतरं. छोट्या संघाच्या हिशेबात प्रवासखर्च ही गोष्ट किती मोठी असते, हे सांगायला नको.

एक फरक मात्र होता, आयएफएलमध्ये जाळ्या नाहीत. फॉस्टरच्या पेटंटमुळे बाकीच्या इनडोअर लीग जाळ्यांशिवायच वाढल्या. २००७ मध्ये पेटंटची मुदत संपली तरी आयएफएलनं आपला खेळ तसाच ठेवला. म्हणजे ज्या माणसानं बार्नस्टॉर्मर्स जन्माला घातले, त्याच्या शोधातली सर्वांत ओळखीची खूण सोडून संघ पुढे गेला.

तो निर्णय बरोबर ठरला. एएफएल आक्रसत गेली आणि २०१९ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत निघाली. २०२४ मध्ये तेच नाव घेऊन नवी लीग सुरू करण्याचा प्रयत्न झाला. काही आठवड्यांतच त्यातून एकेक संघ गळू लागला.

६९-६८

२०१८. आयएफएलची फायनल, युनायटेड बोल. प्रशिक्षक डिक्सी वूटन. समोर सू फॉल्स स्टॉर्म, ज्यांनी २०११ ते २०१६ असे सलग सहा किताब जिंकले होते. या लीगमध्ये त्यांच्याहून मोठं नाव नव्हतं.

बार्नस्टॉर्मर्स जिंकले. ६९-६८. एका गुणानं.

१९९६ मध्ये ४ गुणांनी हुकलेला किताब २२ वर्षांनी आला. वॉर्नर नव्हता, 'द बार्न' नव्हतं, लीगही वेगळी. पण बार्नस्टॉर्मर्स नावावर लागलेला हा पहिलाच किताब होता. २०२० चा हंगाम कोरोनामुळे रद्द झाला, पण संघ बंद पडला नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला.

थोडक्यात प्रवास

- १९९५: डे मॉइनमध्ये पहिला हंगाम
- १९९६: अरीना बोलमध्ये टँपा बेकडून ३८-४२ पराभव
- १९९७: अरीना बोलमध्ये अ‍ॅरिझोनाकडून ३३-५५ पराभव, वॉर्नरचा शेवटचा हंगाम
- २०००: शेवटचा हंगाम, त्यानंतर संघ लाँग आयलंडला
- २००१: दुय्यम लीगमध्ये एक हंगाम
- २००८: वेल्स फार्गो अरीनात पुनरागमन
- २०१० ते २०१४: पुन्हा एएफएल
- २०१५: आयएफएलमध्ये प्रवेश
- २०१७: वॉर्नर प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये
- २०१८: युनायटेड बोल, पहिला किताब
- २०२५: वेल्स फार्गो अरीनाचं नाव बदलून केसीज सेंटर

आता कोण कुठे आहे?

२०२१ मध्ये वॉर्नरच्या आयुष्यावर 'अमेरिकन अंडरडॉग' हा सिनेमा आला आणि बार्नस्टॉर्मर्सचं नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचलं. सिनेमाची गोष्ट अर्थातच सुपर बोलपाशी संपते.

संघाची गोष्ट त्यानंतरची आहे. १९९६ ची फायनल जिंकणारा टँपा बे स्टॉर्म २०१७ मध्ये बंद पडला. संघ विकत घेऊन गेलेलं न्यूयॉर्क २००८ नंतर पुन्हा खेळलंच नाही. ज्या लीगला डे मॉइन छोटं वाटलं होतं, ती लीगच उरली नाही. १९९७ ची फायनल जिंकणारे अ‍ॅरिझोना रॅटलर्स मात्र २०१७ पासून आयएफएलमध्ये आहेत. म्हणजे ते आणि बार्नस्टॉर्मर्स आज पुन्हा एकाच लीगमध्ये खेळतात.